समाजावर अविश्वास, सरकारवर भिस्त

पुण्यात परंपरेची बाजू घेणाऱ्या माणसाला तोंड उघडण्याआधी आपली निर्दोषता सिद्ध करावी लागते. कुटुंबाला महत्त्व आहे असे त्याने म्हटले की त्याला स्त्रियांचे स्वातंत्र्य खुपते का, असे विचारले जाते. देवळाचा कारभार भक्तांच्या हाती असावा म्हटले की तो जातिभेदाचा समर्थक ठरतो, आणि शाळेने आपले शिक्षक स्वतः निवडावेत म्हटले की संस्थाचालकांच्या लुटीत त्याचाही वाटा असावा अशी शंका घेतली जाते. या शंकांचे निरसन करता करता व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरांची वेळ संपते आणि मूळ मुद्दा तसाच राहतो. मी परंपरावादी आहे. माझ्यासारख्या अनेकांच्या मनात पुरोगामी मंडळींच्या भूमिकेविषयी आणि सरकारी धोरणांविषयी जो राग साठत आला आहे, त्याचे कारण क्वचितच समजून घेतले जाते, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो.

हा राग बदलावरचा नाही. माझ्या आजीचे आयुष्य माझ्या मुलीच्या वाट्याला आले नाही याचा मला मनापासून आनंद आहे. राग आहे तो समाजाकडे कायम संशयाने आणि सरकारकडे कायम भरवशाने पाहण्याच्या सवयीवर. माणूस आणि सरकार यांच्या मधे कुटुंब असते, आळी असते, शाळा चालवणारी संस्था असते, देवस्थान, पतपेढी, वाचनालय, गणेश मंडळ असते. माणसे एकमेकांशी वागायला, दुसऱ्यासाठी पदरमोड करायला, न पटणाऱ्या माणसाबरोबर काम करायला शिकतात ती इथेच. पुरोगामी विचाराला मात्र या सगळ्या जागा म्हणजे जुन्या सत्तेचे अड्डे वाटतात. तिथे काही खोट निघाली की उपाय ठरलेला असतो: नवा कायदा, नवे प्राधिकरण, नवे पोर्टल. आणि सरकार कोणत्याही पक्षाचे असो, या उपायाला ते कधीही नाही म्हणत नाही, कारण त्यातून त्याचेच हात लांब होत असतात.

या वादाचा पुण्यातला इतिहास जुना आहे आणि तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीशी, मग ती पत्नी असली तरी, शरीरसंबंधासाठीचे संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर गेले. टिळकांनी त्याला विरोध केला एवढे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि तेवढे सांगितले की परंपरावाद्याचे तोंड बंद झाले असे मानले जाते. पण त्याच वादात, 1890 साली, टिळकांनी सुधारकांपुढे एक प्रतिज्ञा ठेवली होती. मुलींची लग्ने सोळाव्या वर्षाआधी आणि मुलांची विसाव्या वर्षाआधी करू नयेत, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न केलेच तर ते विधवेशी करावे, हुंडा घेऊ नये, विधवांचे केशवपन करू नये, दारू पिऊ नये आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा सार्वजनिक कामाला द्यावा, असे तिचे स्वरूप होते. ज्यांना सुधारणा हवी आहे त्यांनी ती आधी स्वतःच्या घरात करावी, असा त्यामागचा आग्रह होता. या प्रतिज्ञेला सुधारकांकडून फारसा प्रतिसाद मिळाला नाही, आणि आजच्या चर्चांमध्ये तिचा उल्लेखही होत नाही.

असे असले तरी त्या कायद्याच्या प्रश्नावर मी टिळकांच्या बाजूने उभा राहणार नाही. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली होती. समाज आपण होऊन सुधारेल म्हणून वाट पाहत बसण्याचा अधिकार अशा वेळी कोणालाच नसतो. 1929 साली पर्वतीच्या देवळात प्रवेश मागणाऱ्या अस्पृश्य बांधवांना आणि त्यांच्या सोबत्यांना याच शहरातल्या सनातन्यांनी दगड मारले. पुढे 1947 साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना उपोषण करून प्राण पणाला लावावे लागले आणि त्याच वर्षी मुंबई राज्यात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. तो कायदा योग्य होता, आवश्यक होता, आणि उशिरा झाला होता. ज्या परंपरावाद्याला हे मान्य नाही त्याची वकिली मी करणार नाही. तसेच 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा आमच्या बाजूच्या ज्या लोकांनी 'पण' लावून निषेध केला, त्यांनी परंपरेचे जेवढे नुकसान केले तेवढे तिच्या विरोधकांनाही साधले नसते.

तेव्हा कायदा नकोच, असे माझे म्हणणे नाही. दुबळ्याच्या अंगाला हात लागत असेल, कोणाला दाराबाहेर उभे केले जात असेल, तर तिथे कायद्याने आडवे आलेच पाहिजे. पण अन्याय थांबवणारा कायदा वेगळा आणि कारभारच ताब्यात घेणारा कायदा वेगळा. पहिला दार उघडतो आणि बाजूला होतो. दुसरा आत येऊन गल्ल्यावर बसतो आणि मग उठत नाही.

गेल्या दीडशे वर्षांत पुण्यात ज्या सुधारणा टिकल्या त्या कोणी केल्या, हे पाहिले तर माझे म्हणणे स्पष्ट होईल. सार्वजनिक सभा 1870 साली स्थापन झाली, तिच्या मुळाशी पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारी होत्या, आणि तिच्या सभासदाला किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागत असे. न्यू इंग्लिश स्कूल 1880 सालचे, डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि हुजूरपागा 1884 ची, रमाबाई रानडे यांचे सेवासदन 1909 चे. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे सरकारकडे प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, हे खरे आणि रास्तच. पण त्याआधी 1848 साली मुलींची शाळा, 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह आणि 1873 साली सत्यशोधक समाज उभा करताना ते कोणाच्या हुकमाची वाट पाहत थांबले नव्हते. टिळक, रानडे, फुले यांच्यात टोकाचे मतभेद होते, परंतु समाजाने आपले काम आपण उभे करायचे असते याविषयी तिघांच्या कृतीत फरक दिसत नाही.

धोंडो केशव कर्व्यांचे उदाहरण तर परंपरावाद्यांनी आणि पुरोगाम्यांनी मिळून पुन्हा अभ्यासावे असे आहे. 1893 साली त्यांनी विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. 1896 साली त्यांनी विधवांसाठी संस्था काढली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले, आणि 1900 साली आश्रम तिथे गेला. फर्ग्युसनमध्ये शिकवून झाले की कर्वे संध्याकाळी हिंगण्याची वाट पायी चालत. 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले तेव्हा त्याला सरकारची मान्यता नव्हती. ती मिळायला 1951 साल उजाडले. मधली पस्तीस वर्षे ते विद्यापीठ लोकवर्गणीवर, देणग्यांवर आणि मुलींना तिथे पाठवणाऱ्या आईबापांच्या विश्वासावर चालले. ज्या समाजाने कर्व्यांना वाळीत टाकले त्याच समाजातून त्यांच्या झोळीत पैसे पडले. समाज एकाच वेळी कर्मठही असतो आणि उदारही असतो. त्यातला उदार भाग कामाला लावायचा तर त्याच्यात राहून, त्याच्या शिव्या खाऊन काम करावे लागते. हे काम संथ असते, पण त्यातून जे उभे राहते ते सहसा पडत नाही.

आज असे काही उभे करायला निघालेल्या माणसाची काय गत होते, ते पाहू. सार्वजनिक न्यास 1950 च्या कायद्याखाली नोंदवावा लागतो. नोंदणी असावी, हिशेब तपासले जावेत, यात वावगे काही नाही. परंतु एखाद्या वस्तीतल्या वाचनालयाचा जुना विश्वस्त वारला आणि नवा आला की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, नव्वद दिवसांत द्यावा लागतो, आणि तो अर्ज निकाली निघेपर्यंत नव्या विश्वस्ताचे नाव परिशिष्टावर, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीत, चढत नाही. तोवर बँक सह्या बदलून द्यायला खळखळ करते. वकिलाची फी पुस्तकांच्या वार्षिक खरेदीहून अधिक होते. सत्तरी ओलांडलेला सचिव फायली घेऊन हेलपाटे घालतो आणि एक दिवस सांगतो की आता नव्या माणसाने पाहावे. नवा माणूस मिळत नाही. चाळिशीतला, धडधाकट, इच्छा असलेला गृहस्थ हे सगळे पाहून म्हणतो की मी वर्गणी देईन, पण माझे नाव विश्वस्त म्हणून घालू नका. अशी वाचनालये कोणी बंद पाडलेली नसतात. ती चालवायला माणूस उरत नाही, म्हणून बंद पडतात.

शाळांचे तर याहून कठीण झाले आहे. नोकरीसाठी उमेदवारांकडून लाखो रुपये उकळणारे संस्थाचालक महाराष्ट्रात होते आणि आहेत. त्यांच्यावर फौजदारी कारवाई व्हायला हवी होती. तसे करण्याऐवजी 2017 साली अनुदानित शाळांची शिक्षकभरती 'पवित्र' या सरकारी पोर्टलवरून करण्याचा निर्णय झाला. आता शंभर वर्षे निष्कलंकपणे चाललेल्या संस्थेलाही पोर्टलने पाठवलेल्या यादीबाहेरचा माणूस घेता येत नाही. आपल्याच शाळेत शिकलेला, तिथल्या मुलांना ओळखणारा, शिकवण्याची हातोटी असलेला पात्रताधारक तरुण समोर उभा असतो आणि संस्था हतबल असते. चोराला पकडण्याचे काम अवघड होते म्हणून साऱ्या आळीला कुलूप लावले गेले. त्याच वेळी वेतनेतर अनुदानाचे हाल सर्वश्रुत आहेत. फळ्याचा रंग, वीजबिल, स्वच्छतागृहाची दुरुस्ती यांसाठी मुख्याध्यापकाला माजी विद्यार्थ्यांपुढे हात पसरावा लागतो. म्हणजे पैसे उभे करण्याची जबाबदारी समाजाची आणि निर्णयाचा अधिकार सरकारचा.

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. गरीब घरातले मूल चांगल्या शाळेत बसावे, या हेतूला विरोध करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण विनाअनुदानित शाळांनी पंचवीस टक्के जागा द्यायच्या आणि सरकारने त्याची भरपाई करायची, या व्यवहारातली सरकारची बाजू किती पाळली गेली? महाराष्ट्रात प्रतिपूर्तीचा दर प्रति विद्यार्थी 17,670 रुपये ठरवला गेला, आणि तीही रक्कम वर्षानुवर्षे थकत राहिली. मोठ्या, गब्बर शाळांना त्याने काही होत नाही. उपनगरातली तीनशे मुलांची, मध्यमवर्गीय शिक्षकांनी काढलेली शाळा मात्र त्यात खचते. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या सक्तीतून वगळण्याची अधिसूचना राज्य सरकारने काढली आणि जुलै 2024 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. थकलेले पैसे देण्यापेक्षा जबाबदारीच झटकणे सरकारला सोपे वाटले, आणि त्या गोंधळात त्या वर्षीचे प्रवेश रखडले ते गरिबांच्याच मुलांचे.

याच कायद्याच्या बाबतीत आणखी एक सल आहे, ती स्पष्टच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली विनाअनुदानित आणि 2014 साली सर्वच अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून बाहेर ठेवले. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे, ते त्यांना असावे. माझी तक्रार त्यांच्या स्वातंत्र्याविषयी नाही. संस्था चालवणाऱ्याला स्वातंत्र्य लागते, हे जर एका ठिकाणी कळते, तर ते दुसऱ्या ठिकाणी का कळत नाही? एका व्यवस्थापनाची स्वायत्तता हा मूलभूत हक्क आणि शेजारच्या व्यवस्थापनाची स्वायत्तता म्हणजे वर्चस्व टिकवण्याची धडपड, हा निवाडा कोणत्या समतेत बसतो? हा प्रश्न विचारला की उत्तराऐवजी प्रश्न विचारणाऱ्याच्या हेतूची चौकशी सुरू होते. राग येतो तो इथे.

हेतूकडे पाहून परिणामाकडे डोळेझाक करण्याचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्याच्या पेठांमध्ये उभे आहे, किंवा पडते आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरची टंचाई होती, घरमालक भाडेकरूंना नाडत होते, म्हणून काही वर्षांपुरते ते समर्थनीय होते. पण तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदती वाढवत वाढवत अर्धशतक चालला. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या वाड्यांत महिना वीस, तीस, चाळीस रुपये भाडे राहिले. त्या भाड्यात कौले फेरणे तर सोडाच, त्या कामासाठी आलेल्या गवंड्याचा एका दिवसाचा चहाही निघाला नसता. मालकाने दुरुस्ती थांबवली, भाडेकरूने खोली सोडली नाही, भाडेकरूच्या मुलांनी कर्वेनगरात फ्लॅट घेऊनही कुलूप लावून खोली ताब्यात ठेवली, आणि दोन्ही घरांची पुढची पिढी लघुवाद न्यायालयाच्या बाकांवर म्हातारी झाली. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सांगितले, तेव्हा कुठे नवा कायदा आला. तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याने मालकाला वर्षाला चार टक्के वाढ दिली. चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे.

मी अशा एका वाड्याच्या चौकात अनेकदा उभा राहिलो आहे. सागवानी खांबांवरचे कोरीव काम अजून दिसते, आणि त्याच्या शेजारी तुळईला लोखंडी पाइपाचे टेकू दिलेले आहेत. जिन्याच्या तीन पायऱ्या नाहीत, तिथे फळी टाकली आहे. दर पावसाळ्याआधी धोकादायक बांधकामाची नोटीस येते आणि दारावर चिकटवली जाते, तिच्यावर मागच्या वर्षीच्या नोटिशीचे कागद अजून तसेच असतात. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, माडीवरच्या एका कोरड्या खोलीत राहतात, आणि खालच्या भाडेकरूंच्या सुनेने आणून दिलेली भाजी खातात. कायद्याने या दोन घरांना एकमेकांचे शत्रू ठरवले होते. त्यांनी ते पूर्णपणे मनावर घेतले नाही एवढेच. तो वाडा आता बिल्डरकडे जाईल आणि तिथे पार्किंगचे तीन मजले असलेली इमारत उभी राहील. वारसा वाचवा म्हणून मोर्चा काढणारे माझे मित्र तेव्हा बिल्डरला दोष देतील. वाडा कोणी पाडला याचा हिशेब मात्र 1947 पासून मांडावा लागेल, आणि तो मांडायची तयारी मला त्यांच्यात दिसत नाही.

हेच मित्र वेताळ टेकडीच्या बाबतीत जे बोलतात ते मात्र मला शंभर टक्के पटते. बालभारती ते पौड फाटा रस्त्यासाठी टेकडी फोडू नका, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावू हे आश्वासन फसवे आहे, कारण शेकडो वर्षांत जमलेली माती, गवत, झरे आणि पक्षी ठेकेदाराला एका पावसाळ्यात परत आणता येत नाहीत, असे ते म्हणतात. ही शुद्ध परंपरावादी मांडणी आहे. जे हळूहळू, कोणाच्याही आराखड्याशिवाय घडले, त्यात आपल्याला न समजलेले शहाणपण असू शकते, म्हणून हात घालण्याआधी दहा वेळा विचार करावा, एवढेच आम्हीही म्हणतो. आम्ही ते कुटुंबाविषयी, देवस्थानाविषयी, शाळेविषयी म्हणतो. टेकडीला जो धीर मिळतो तो माणसांनी घडवलेल्या गोष्टींना का मिळू नये, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

पुरोगामी मंडळींच्या दुहेरी मापाचा सर्वांत मोठा फटका कोणाला बसला असेल तर तो हमीद दलवाई यांना. 1966 साली त्यांनी मुंबईत तोंडी तलाकाविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला, आणि 22 मार्च 1970 रोजी याच पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. ते परंपरावादी नव्हते, कट्टर सुधारक होते, माझ्या अनेक मतांना त्यांनी हसत हसत उडवून लावले असते. पण हिंदू रूढींना जी कठोर कसोटी लावायची तीच मुस्लिम रूढींना लावा, एवढी साधी गोष्ट ते मागत होते, आणि त्यांच्यामागे उभी राहणारी माणसे मूठभरच होती. एप्रिल 1985 मध्ये नवऱ्याकडे पोटगी मागणाऱ्या घटस्फोटित शाहबानोच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि 1986 साली संसदेने कायदा करून तो निष्प्रभ केला. पुरोगामी गोटातले काही जण त्या वेळी ठामपणे विरोधात बोलले, त्यांचा मी आदर करतो; पण देशभरातला सूर सबुरीचा होता. आपल्या देवघरापर्यंत येणारी चिकित्सा शेजारच्या दारापाशी आल्यावर विनयशील होते, हे सामान्य हिंदू माणसाने तेव्हा पाहिले आणि तो ते विसरला नाही. पुढच्या चाळीस वर्षांच्या राजकारणात त्याचे पडसाद उमटले, त्याबद्दल आज आश्चर्य व्यक्त करण्यात अर्थ नाही.

आता आमच्या बाजूने मते मागणाऱ्या सरकारांविषयी. परंपरेचे नाव घेऊन सत्तेवर आलेल्यांनी या सरकारी हाताला आवर घातला असता तर माझी निम्मी तक्रार संपली असती. घडले उलटेच. 2018 साली निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी शिर्डी संस्थानाकडून 500 कोटींचे बिनव्याजी कर्ज घेण्याचा निर्णय राज्य सरकारने केला. कालवे हवेतच, दुष्काळी शेतकऱ्याला पाणी हवेच. पण भाविकाने दानपेटीत टाकलेला पैसा राज्याच्या तिजोरीतली तूट भरण्यासाठी आहे, हे ठरवण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला? 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली. महिना दीड हजार रुपये गरजू बाईच्या हाती पडतात तेव्हा तिला आधार वाटतो, हे मी घरकाम करणाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकले आहे आणि त्यांच्या त्या समाधानाला मी नावे ठेवणार नाही. परंतु वर्षाला 46,000 कोटींच्या तरतुदीची घोषणा, तीही निवडणुकीच्या तोंडावर, पात्रतेची धड छाननी न करता, आणि राज्यावरचे कर्ज 2025-26 च्या अर्थसंकल्पात नऊ लाख कोटींच्या पुढे गेलेले. ऋण काढून सण करू नये, हे ज्या घरांत शिकवले जात होते त्या घरांची मते घेऊन हा कारभार चालला आहे.

2025 साली सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला तेव्हा अनेकांनी पेढे वाटले. मला वाईट वाटले. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा यांच्या गणपतींना मान लोकांनी दिला. तो कोणत्याही शासन निर्णयाने आला नाही. सरकार उत्सवाचे यजमान झाले की उद्या देणाऱ्याच्या अटीही मान्य कराव्या लागतात. उत्सवातली ध्वनिभिंतींची दहशत मोडून काढणे हे खरे तर सरकारचे काम. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांत लिहिलेली आहे. ते काम टाळून सरकारने आमची आरती अंगावर घेतली. उत्तराखंडात 27 जानेवारी 2025 पासून समान नागरी संहिता लागू झाली. सर्वांना एक कायदा, या तत्त्वाचा मी जुना समर्थक आहे. पण त्यात लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनी सरकारदरबारी नोंदणी करावी, न केल्यास तुरुंगवास, असे कलम आहे. विवाहसंस्था मला प्रिय आहे, आणि म्हणूनच तिची राखण एखाद्या कारकुनाने करावी हे मला मान्य होत नाही. तरुणांना लग्न हवेसे वाटावे असे आयुष्य आपण त्यांच्यासमोर जगून दाखवले नाही तर निबंधकाच्या वहीने काय होणार?

सर्वांत अधिक खेद मला पुणे महापालिकेचा आहे. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, हे शहर प्रशासकाने चालवले. ज्या शहरात पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणल्याशिवाय सार्वजनिक सभेत बसता येत नव्हते, तिथे कचऱ्याची गाडी आली नाही तर कोणाचे दार ठोठवावे हे नागरिकाला चार वर्षे कळत नव्हते. प्रभागरचना आणि आरक्षणाचे खटले न्यायालयात होते हे खरे. पण राज्यात आलटून पालटून आलेल्या सरकारांपैकी कोणालाही या रिकाम्या सभागृहाची घाई नव्हती, आणि आमच्यासारख्या स्वायत्ततेचा जप करणाऱ्यांनीही रस्त्यावर यावे इतके ते मनाला लावून घेतले नाही.

परंपरावाद्यांकडून एक गोष्ट मागण्याचा हक्क पुरोगाम्यांना नक्कीच आहे. समाजाने आपले काम आपण करावे असे म्हणणाऱ्यांपैकी किती जण उत्पन्नाचा दहावा हिस्सा सार्वजनिक कामाला देतात? कोथरूडला, सहकारनगरला एकेकट्या राहणाऱ्या, मुले परदेशी असलेल्या वृद्धांच्या घरी आठवड्यातून एकदा जाणारे किती? 2007 च्या कायद्याने आईबापांना महिन्याला कमाल दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. तो कायदा करावा लागला ही कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या आम्हा लोकांवरची टीका आहे, आणि ती रास्त आहे.

तरीही सरकारने काही गोष्टी सोडायला हव्यात, आणि त्या सोडण्याची सुरुवात पंढरपूरपासून करता येईल. 1973 च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे, म्हणजे विठ्ठलमंदिराच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे, हक्क संपवले. त्यांच्याविषयीच्या भाविकांच्या तक्रारी खऱ्या होत्या, आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो वाद मिटला, हे बरे झाले. ज्या कामासाठी कायदा केला ते काम तेव्हाच पूर्ण झाले. मग आजही मंदिर समिती सरकारने का नेमावी? दिंड्या आणि फड शेकडो वर्षे लाखो माणसांना आळंदीहून, देहूहून पंढरीला शिस्तीत नेत आले आहेत. त्यांच्या मुक्कामाच्या जागा, चालण्याचा क्रम, जेवणाच्या पंगती सारे त्यांचे तेच ठरवतात. त्यांना विश्वस्त निवडू द्यावेत. त्या मंडळात स्त्रिया असाव्यात, सर्व जातींचे वारकरी असावेत, दर आषाढीआधी हिशेब जाहीर व्हावा, कोणालाही दर्शनापासून रोखल्यास विश्वस्ताचे पद जावे, आणि गैरव्यवहार झाल्यास न्यायालयाने दखल घ्यावी. मंत्रालयाने घेऊ नये. असे विधेयक कोणत्याही पक्षाने विधानसभेत आणले, तो पक्ष मला आवडत नसला तरी, मी त्याच्या बाजूने सही गोळा करायला आप्पा बळवंत चौकात उभा राहीन.